जीबीएसनंतर पुन्हा शाळेत : माझा अनुभव

मुलाला सर्दी-ताप येऊन गेला. ताप उतरला, शाळाही सुरू झाली आणि मग एके दिवशी त्याला जिना चढता येईना. निदान झालं गुइलेन-बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. संसर्ग संपतो, पण शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. ॲडमिट करणं, आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडीजचं औषध), डिस्चार्ज हे सगळं सरळ पार पडलं, डॉक्टर चांगले भेटले. त्यावर लिहायला काही नाही. मी लिहितेय शाळेच्या ऑफिसबद्दल.

त्याआधी एक सांगते. दवाखान्यात शौचाचे नमुने मागितले तर घाबरू नका. १५ वर्षांखालच्या मुलाचे हातपाय अचानक लुळे पडले की पोलिओ नाही ना, हे तपासावंच लागतं. लक्षणं दिसल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने दोन नमुने घेतात. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तरी ही पाहणी चालूच आहे. आमच्याकडे आरोग्य खात्याची माणसं चौकशीला आली आणि गल्लीभर झालं, ‘पोरग्याला पोलिओ झालाय म्हणे.’ ती आवई आमच्याआधी शाळेत पोचली होती.

घरी फिजिओ चालू होती. खुर्चीतून हात न टेकता उठणं, टाचा उचलणं, टॉवेलने पंजा ओढून पोटरी ताणणं. संध्याकाळी रंकाळ्यावर एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत चालायचं आणि बसायचं. फिजिओ मॅडमचा एकच धोशा: थकल्यावर नाही, थकण्याआधी थांबायचं. ताकद परत आली तरी जीबीएसचा थकवा महिनोन्‌महिने राहतो, आणि एक दिवस जोरात दामटलं की पुढचे दोन दिवस पोरगं आडवं.

आता हे शाळेला कोण सांगणार? शाळेच्या फॉर्मवर दोनच चौकोन: ‘फिट’ आणि ‘अनफिट’. डॉक्टर ‘फिट’वर टिक करेनात, कारण पळणं, पीटी बंद होतं. ‘अनफिट’ लिहिलं तर पोरगं घरात. क्लार्क म्हणाले, "मॅडम, फॉर्म पूर्ण भरून आणा." भरलाच होता की! डॉक्टरांनी दोन्ही चौकोन सोडून खाली चार ओळी लिहिल्या होत्या, तर म्हणे ही जागा कार्यालयीन वापरासाठी आहे. मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "फिट असेल तर जिना चढायला काय होतंय? आणि नसेल तर बरा झाल्यावर पाठवा, आम्ही कुठं नाही म्हणतोय?" वर्ग दुसऱ्या मजल्यावर. त्याच इयत्तेची दुसरी तुकडी तळमजल्यावर भरत होती, पण तुकडी बदलायला वेगळा अर्ज, आणि तो अर्ज फिट विद्यार्थ्यालाच करता येतो. हसावं की रडावं! वर दबक्या आवाजात, "इतर पालक विचारतात हो, लागण होत नाही ना?"

शेवटी फॉर्मचा नाद सोडला. डॉक्टरांच्या लेटरहेडवर पत्र घेतलं: आजार संसर्गजन्य नाही, सुरुवातीला अर्धा दिवस, वर्ग तळमजल्यावर, पीटी आणि ग्राउंड बंद, मधल्या सुट्टीत आडवं व्हायला जागा, आणि सगळ्यात शेवटी पुढच्या तपासणीची तारीख. त्या तारखेनेच काम झालं. कायमचं काही द्यावं लागणार नाही, हे दिसल्यावर मुख्याध्यापक नरमले. पत्रासोबत माझा अर्ज दोन प्रतींत दिला आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. तोंडी बोलणं तिथं कुणाला आठवत नाही. वर्गशिक्षिका बाई मात्र सोन्यासारख्या. त्यांनी स्वतःहून त्याला दाराजवळचा बाक दिला.

शाळेत लसीकरण असेल तर आयव्हीआयजी दिल्याचं आधी सांगा. त्यानंतर गोवरासारख्या जिवंत लशी काही महिने पुढे ढकलतात, तारीख डॉक्टरच ठरवतील.

पायाचा पंजा लोंबत असेल तर घोट्याचा स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरणारा आधार, करून देतात. काढल्यावर कातडीवरचा लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर स्प्लिंट घासून दुरुस्त करून घ्या. त्यावर शाळेचे नेहमीचे काळे बूट बसत नाहीत, मोठ्या मापाचे वेलक्रोचे घ्यावे लागतात. त्या बुटांची परवानगी डॉक्टरांच्या त्याच पत्रात लिहून घ्या, नाहीतर गणवेशासाठी पुन्हा वेगळा अर्ज. मी केलाय.