जातं, भाग 4: कच गेली एकदाची!

संग्रहालयासाठी दुरुस्त करत असलेल्या जात्याला मागच्या नोंदीत टाकी (दगडाला खाचा पाडायची छिन्नी) लावून झाली होती. त्यानंतर पहिलं दळण किलोभर ज्वारीचं. पीठ दिसायला झकास, पण चिमूटभर दाढेखाली धरलं की कचकच. नव्या टाकीनंतर पहिली दोन दळणं टाकून द्यावीच लागतात. इथे पाचव्या दळणालाही तेच. दोष टाकीत नव्हता, माकडीत होता. माकडी म्हणजे वरच्या तळीच्या (दगडी चकतीच्या) तोंडात आडवी बसवलेली लाकडी पट्टी; खालच्या तळीतली खीळ हिच्याच भोकात बसते.

आधी चुंबकाने चकवलं. पिठात फिरवला तर काळी भुकटी चिकटली, म्हणजे टाकीच्या टोकाचं पोलाद दगडात राहून गेलं असणार असं वाटलं.   दोन्ही तळ्या तारेच्या ब्रशने घासल्या, फरक शून्य. मग लक्षात आलं की आपला काळा दगड बेसाल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट असतं. दगडाची भुकटीही चुंबकाला चिकटणारच.

खरा निकाल पाण्याने दिला. वाटीत चमचाभर पीठ, वर पाणी, ढवळायचं, दहा सेकंद थांबून वरचं पांढरं पाणी ओतून द्यायचं. असं चार-पाच वेळा केलं की तळाशी फक्त कच उरते. ती भिंगाखाली बघायची. पांढरे कण असतील तर दगडाच्या छिद्रांतलं पांढरं खनिज सुटतंय, म्हणजे दगडच वाईट. इथे सगळे काळे. म्हणजे दगडावर दगड घासतोय.

कुठे घासतोय? गेरू पातळ कालवून खालच्या तळीवर पुसट हात दिला, वरची तळी बसवून खुंट्याने दोन फेर ओढले आणि उचलली. खालच्या तळीवर काठाने गेरू गोलभर खरवडलेला, वरच्या तळीला मात्र फक्त खुंट्याखालच्या वीतभर भागात लागलेला. सगळी मेख इथेच! खीळ तिरकी असती तर उलट दिसलं असतं: वरच्या तळीला गोलभर, खालच्या तळीवर एकाच बाजूला. वरची तळी ओढताना खुंट्याकडे कलते, याचा अर्थ माकडी ढिली.

माकडी काढली तर 12 मिमीच्या खिळीसाठीचं भोक झिजून 16 मिमीचं लांबट झालेलं. नवी माकडी वाळलेल्या बाभळीची केली. भोक साडेबारा मिमी, आरपार नाही, 15 मिमी खोल, म्हणजे तळी खिळीच्या टोकावर तोलून राहते. भोकात 2 मिमी चामड्याची चकती टाकली. आता काठाला जाड कागद जेमतेम सरकतो, तोंडाजवळ 3 मिमी फट. ही उतरती फट हवीच, नाहीतर दाणा आत शिरत नाही. माकडीच्या दोन्ही टोकांना पाचरा ठोकल्या. एपॉक्सी लावा म्हणणाऱ्यांना नमस्कार. पुढच्या वेळी ती माकडी काढणार कशी?

त्यानंतरच्या दुसऱ्या दळणात वाटीचा तळ स्वच्छ. वरची तळी 14 इंची, साधारण 18 किलोची, पण आता एका हाताने फिरते.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. वैरण, म्हणजे तोंडात सोडायची दाण्यांची मूठ, थांबली की पुन्हा घासायला लागतं. दळणारी बाई ओवीच्या लयीत मूठ सोडत राहते, जातं रिकामं फिरवत नाही. संग्रहालयात येणारी पोरं नेमकं रिकामंच गरागरा फिरवणार. त्यामुळे हे जातं दालनात फिरवायला ठेवायचा बेत रद्द. ते फक्त प्रात्यक्षिकाच्या दिवशी, दळणाऱ्या बाईच्या हातात.

हाताळायला दुसरं, 12 इंची जातं काढायचं आणि त्यावर पीठ नाही, हरभरा भरडायचा. खिळीला चिंधीचं कडं घातलं की तळी वर उचलली जाते, रिकामी फिरली तरी घासत नाही. शिवाय डाळ धुऊनच घेतात, त्यामुळे चुकून कच आली तरी निघून जाते. तूर नको. तिला आधी तेल-पाणी लावून उन्हं द्यावी लागतात, तरच साल सुटतं.

कोपऱ्यात ओव्या ऐकवायच्याच आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ या समाजअभ्यासकांनी 1 लाखाहून जास्त जमवल्या, निवडायला वेळ लागेल. आता हे लिहितानाच सुचतंय, ओवी दळणाबरोबर सुरू व्हावी आणि जातं थांबलं की थांबावी. खुंट्याखाली चुंबक आणि खाली रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा छोटा स्विच)? पण बेसाल्टची भुकटी त्या चुंबकालाही चिकटणार. चुंबक मेणात बुडवून बघतो.