स्पेलिंगची वही: शब्द आता घराण्यांप्रमाणे

अवघड स्पेलिंगांची अकारविल्हे यादी अखेर मोडीत काढली. शब्द आता घराण्यांप्रमाणे, म्हणजे एका मुळातून निघालेले शब्द एकत्र, असे लावतोय आणि काम भलतंच रंगलंय.

इंग्रजी स्पेलिंग अडतं ते बहुधा जोर नसलेल्या स्वरापाशी. तो स्वर तोंडात इतका पुसट होतो की ए, ई, ओ सगळे ‘अ’सारखेच ऐकू येतात. ‘ग्रॅमर’च्या शेवटी ए-आर की ई-आर, हे कानाला कळायला मार्ग नाही. पण ‘ग्रमॅटिकल’ म्हणून बघा. जोर पुढे सरकतो आणि लपलेला ए उघडा पडतो. ‘डेफिनिट’मधला मधला आय असाच ‘डेफिनिशन’मध्ये सापडतो. ‘सेपरेट’ला जवळचं भावंड मिळेना, म्हणून लॅटिनपर्यंत गेलो. तिथे ‘प्रिपेअर’ भेटला. दोघांचं मूळ ‘पारारे’ हे क्रियापद, म्हणून दोन्हीकडे पी-ए-आर.

सगळ्यात घबाड मिळालं ते ए-एन-सी-ई आणि ई-एन-सी-ई या शेपटांत. ‘सब्स्टन्स’ आणि ‘रेसिडन्स’ यांची शेपटं ऐकायला एकच. विशेषण केलं की मात्र ‘सब्स्टॅन्शल’ आणि ‘रेसिडेन्शल’. ॲ ऐकू आला तर ए, ए ऐकू आला तर ई (हे वाक्य मोठ्याने वाचू नका, गोंधळ वाढेल). ‘सर्कम्स्टन्स’, ‘इन्फ्लुअन्स’, ‘एक्झिस्टन्स’ असे बरेच शब्द या एका पानावर मार्गी लागले.

मुक्या अक्षरांचंही तेच. ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो, ‘मसल’मधला सी ‘मस्क्युलर’मध्ये, ‘ऑटम’मधला एन ‘ऑटम्नल’मध्ये. ‘डेट’, म्हणजे कर्ज, यातला बी तर मुद्दाम घुसडलेला आहे. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा बी नव्हता. पुढे पंडितांनी लॅटिन ‘डेबितुम’शी नातं दिसावं म्हणून तो लिहायला सुरुवात केली. उच्चार जागचा हलला नाही. निदान हे नातं खरं होतं. ‘आयलंड’मधला एस मात्र तोतया. शब्द जुन्या इंग्रजीतला, अस्सल घरचा. ‘आइल’ या लॅटिन मुळाच्या शब्दाशी त्याची सोयरीक आहे असं समजून लोकांनी एस चिकटवला, आणि तो कायमचा राहिला.

जोराचाच दुसरा हिशेब अक्षर दुप्पट करताना लागतो. ‘रिफर’मध्ये जोर शेवटी, म्हणून ‘रिफर्ड’ला दोन आर. ‘रेफरन्स’मध्ये जोर शब्दाच्या सुरुवातीला पळतो, तिथे एकच आर. ‘बिगिनिंग’ला दोन एन आणि ‘ओपनिंग’ला एक, तेही याच कारणाने. ‘ट्रॅव्हलिंग’ला ब्रिटिश लेखनात दोन एल लागतात. तिथे नियम बाजूला ठेवायचा आणि पाठ करायचं.

उच्चारात हुबेहूब असलेल्या जोड्यांना ही युक्ती चालणार नाही असं वाटलं होतं. पण मुख्याध्यापक या अर्थाचा ‘प्रिन्सिपल’ ‘प्रिन्सिपॅलिटी’च्या घरातला निघाला, म्हणून शेवट पी-ए-एल. तत्त्व या अर्थाच्या शब्दाला मग पी-एल-ई उरतं. ‘प्रॅक्टिस’साठी ‘ॲडव्हाइस’ला साक्षीला बोलावलं. त्याचं नाम ‘स’ने संपतं आणि क्रियापद ‘झ’ने, त्यामुळे सी आणि एस कानालाच कळतात. ब्रिटिश लेखनात ‘प्रॅक्टिस’ची वाटणी अशीच आहे: नामाला सी, क्रियापदाला एस. अमेरिकेत दोन्हीकडे सी.

घराण्याशी फटकून वागणारेही आहेत. ‘प्रोनाउन्स’चा ओ-यू ‘प्रोनन्सिएशन’मध्ये नुसता यू होतो. ‘एक्सप्लेन’चा आय ‘एक्सप्लनेशन’मध्ये गळतो. ‘फोर’मधला यू ‘फॉर्टी’पर्यंत पोचतच नाही. यांच्यासाठी वहीच्या शेवटी वेगळं पान ठेवलंय आणि ते रोज डोळ्यांखालून घालतो.

सध्या ‘रेझिस्टन्स’वर अडलोय. त्याचं ए उघडं पाडणारं भावंड कोणाच्या वहीत असेल तर कळवा.