बॉक्सवर न छापलेल्या गोष्टी: साधा, परवडणारा फोन निवडताना

५० मेगापिक्सेल, ५००० एमएएच, ऑक्टाकोर. स्वस्त फोनच्या बॉक्सवर हे तीन शब्द हमखास ठळक असतात आणि निवड करताना त्यांचा उपयोग जवळपास शून्य. या किमतीतल्या बहुतेक फोनांवर तेच छापलेलं असतं, मग तुलना कशाची करणार? किंमत कमी ठेवायची तर कुठेतरी काटछाट करावीच लागते. ती कुठे केली आहे हे मात्र बॉक्सवर येत नाही, ते आपणच शोधायचं.

सुरुवात स्टोरेजपासून करा. किती जीबी हे नंतर, आधी प्रकार कोणता ते बघा. स्वस्त फोनमध्ये दोन प्रकार दिसतात: ईएमएमसी आणि यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं किंवा लिहितं, दोन्ही एकदम जमत नाही. ईएमएमसी ५.१चा वाचनाचा वेग साधारण २५० ते ३०० एमबी प्रतिसेकंद असतो. यूएफएस २.२ त्याच्या तिपटीच्या आसपास जातं, आणि वाचणं-लिहिणं एकाच वेळी चालतं. रोजच्या वापरात हा फरक असा जाणवतो: व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एकदम तीसेक फोटो आलेत, ते उतरवून घेणं मागे चालू आहे, आणि नेमका तेव्हाच तुम्हाला फोन लावायचाय. डायलर उघडायला दोन-तीन सेकंद लागतात, आकडा दाबला तर उशिरा उमटतो. लोक म्हणतात 'फोन हँग होतो' आणि खापर रॅमवर फोडतात. बऱ्याचदा दोष लिहिण्याच्या रांगेत अडकलेल्या ईएमएमसीचा असतो.

दुकानदाराला हा प्रश्न विचारलात तर बहुधा कोरा चेहरा बघायला मिळेल. कंपनीच्या साइटवर मॉडेलच्या पानावर 'स्टोरेज टाइप' अशी ओळ शोधा. ती ओळच नसेल तर ईएमएमसी समजून चाला. यूएफएस असेल तर कंपनी ते सांगितल्याशिवाय राहत नाही. एकाच मॉडेलच्या ६४ आणि १२८ जीबीच्या फोनांत प्रकार वेगळा असू शकतो, म्हणून नेमक्या आपल्या व्हेरियंटचं बघा.

आता जीबी. ६४ घेऊ नका, १२८ घ्या. सिस्टीम आणि आधीच भरलेली अ‍ॅप्स मिळून १५-२० जीबी पहिल्याच दिवशी गेलेले असतात. मेमरी कार्डावर फोटो-व्हिडिओ जातात, पण बहुतेक अ‍ॅप्स आणि त्यांचा डेटा फोनमध्येच राहतो. शिवाय काही फोनमध्ये ट्रे हायब्रिड असतो, म्हणजे दुसरं सिम टाका नाहीतर कार्ड, दोन्ही नाही. आणि स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन मंदावतो, कारण नवीन काही लिहिण्याआधी कंट्रोलरला (स्टोरेज सांभाळणाऱ्या चिपला) जुन्या डेटाची हलवाहलव करून जागा मोकळी करावी लागते. दहा-पंधरा टक्के जागा कायम रिकामी ठेवायची.

रॅम ४ जीबी असेल तर निभतं, ६ असेल तर निवांत. ३ जीबीच्या फोनचा खरा त्रास पैसे भरताना कळतो. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलात आणि परत आलात, तर ब्राउझरचं पान पुन्हा पहिल्यापासून लोड व्हायला लागतं आणि भरलेला फॉर्म गायब. मागचं अ‍ॅप रॅममध्ये ठेवायला जागाच नसते, म्हणून सिस्टीम ते बंद करून टाकते. बॉक्सवरच्या '८ जीबी'शेजारी बारीक तारा दिसला तर तळाची ओळ वाचा. ते बहुतेकदा ४ अधिक ४ असतं. दुसरे चार म्हणजे स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरायला काढलेला. ईएमएमसीवर हे म्हणजे आधीच तुंबलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडणं. सेटिंग्जमध्ये 'रॅम एक्स्पान्शन', 'व्हर्च्युअल रॅम' किंवा 'रॅम प्लस' अशा नावाने ते सापडतं, ते बंद करून बघा.

ऑक्टाकोर म्हणजे फोनच्या मुख्य चिपमध्ये काम करणारे फक्त आठ कोर, ते किती दमाचे हे त्यात येत नाही. हेलिओ जी३५ किंवा जी३७ या चिपमध्ये आठही कोर कॉर्टेक्स ए५३ आहेत, म्हणजे सगळेच लहान. हेलिओ जी८५ किंवा युनिसॉक टी६०६ मध्ये दोन मोठे ए७५ आणि सहा लहान ए५५. हेलिओ जी९९ मध्ये दोन मोठे ए७६, आणि स्नॅपड्रॅगन ४ जेन २ मध्ये दोन ए७८. अ‍ॅप उघडणं, कीबोर्ड वर येणं, पान सरकवणं ही कामं मुख्यतः त्या दोन मोठ्या कोरांच्या जिवावर होतात. चिपच्या नावावरून मोठे कोर आहेत का एवढंच शोधा. नसतील तर फोन सोडून द्या, बाकी सगळं कितीही छान असलं तरी.

स्क्रीनबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. ६.७ इंचाच्या पडद्यावर ७२० बाय १६०० म्हणजे इंचाला सुमारे २६० पिक्सेल. बारीक अक्षरांच्या कडा किंचित फाटलेल्या दिसतात, पण कॉल, मेसेज आणि नकाशा यांच्यासाठी ते चालून जातं, बॅटरीही थोडी वाचते. तडजोड करायचीच तर इथे करा, पडद्याच्या उजेडात नको. ४०० ते ४५० निट्सचा (निट्स म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) पडदा भर उन्हात हाताची सावली धरल्याशिवाय वाचता येत नाही. ९० हर्ट्झ, १२० हर्ट्झ (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) याच्या मागे लागू नका. चिप कमकुवत असेल तर तेवढ्या फ्रेम येणारच नाहीत.

मग सेन्सर. इथली काटछाट कुणाच्या लक्षात येत नाही आणि त्रास मात्र रोज देते. कानाला फोन लावला की पडदा बंद करणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर काही फोनमध्ये नसतोच. फोनचा कोन आणि स्पर्श यांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. अंदाज चुकला की गालाने म्यूट दाबलं जातं, कॉल होल्डवर जातो, नाहीतर कॉल संपल्यावर पडदा काळाच राहतो. दुसरा कंपास. तो नसेल तर चौकात उभं राहिल्यावर नकाशाला तुमचं तोंड कुठे आहे ते कळत नाही, चार पावलं चालल्यावर बाण वळतो. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर चालतं का आणि टॅप करून पैसे देत असाल तर एनएफसी आहे का, हेही याच यादीत बघा. मालिका-सिनेमे बघणाऱ्यांनी वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी यंत्रणा) एल१ पातळीचं आहे ना याची खात्री करावी. एल३ असेल तर पडदा फुल एचडी असूनही बऱ्याच व्हिडिओ सेवा साध्या, धूसर दर्जाचंच चित्र पाठवतात.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार-चार पिक्सेल एकत्र करून साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. सोबतचे २ मेगापिक्सेलचे 'मॅक्रो' आणि 'डेप्थ' कॅमेरे संख्या वाढवण्यापुरते असतात. घरातल्या दिव्याखाली चालत्या माणसाचा फोटो काढून बघा, बाकी चाचण्यांची गरज नाही.

बॅटरी ५००० एमएएच पुरते, चार्जिंगचे वॅट बघा. १० वॅटवर ती शून्यापासून भरायला अडीच-तीन तास जातात, १८ वॅटवर दोनच्या आसपास. चार्जर बॉक्समध्ये आहे का ते विचारून घ्या. काही कंपन्यांचं जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालतं, दुसरा लावला की वेग उतरतो.

अपडेटबद्दल दोन प्रश्न: अँड्रॉइडच्या किती आवृत्त्या मिळणार, आणि सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, किती वर्षं? वर्ष मोजायचं ते मॉडेल बाजारात आल्यापासून, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. दीड वर्षापूर्वीचं मॉडेल सवलतीत मिळतं तेव्हा दीड वर्ष आधीच वजा झालेलं असतं. जुन्या अँड्रॉइडवर सगळ्यात आधी अडून बसतात ती बँकेची अ‍ॅप्स.

दुकानातला डेमो फोन रिकामा असतो, म्हणून पळतो. त्याला थोडं दमवा. कॅमेऱ्याचं बटण दाबून धरून वीसेक फोटो सलग काढा आणि लगेच गॅलरी उघडा. शेवटचे फोटो करडे चौकोन होऊन किती वेळ राहतात ते बघा. मग कॅमेरा, नकाशा, ब्राउझर असं फिरून परत नकाशावर या. तो जिथे सोडला होता तिथेच असायला हवा, पुन्हा सुरू होता कामा नये. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून सिक्युरिटी पॅचची तारीख वाचा.

घरी आणल्यावर स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बॉक्सवरच्याशी जुळवा, दोन्ही सिम घालून एकेक कॉल करा, जमतील तेवढी नको असलेली अ‍ॅप्स काढून टाका. बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत हे उरका. टेम्पर्ड ग्लास लावायच्या आधी कानाला फोन लावून पडदा बंद-चालू होतो का ते तपासा. काचेची काळी कड सेन्सरवर आली तर नंतर दोष काचेचा की फोनचा हे कळत नाही.