बिनखिडकीचं बाथरूम आणि माळ्यावरचा पंखा

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी टीव्हीवर नागपूरच्या मारबतीची, म्हणजे रोगराई-इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक चालू होती. आई बाथरूमच्या दारात उभी राहून म्हणाली, "या बाथरूमचा कुबट वास घेऊन जा गे मारबत!" सगळे हसले. मी नाही हसलो, कारण हे काम शेवटी कोणाच्या गळ्यात पडणार ते मला कळलं होतं.

त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरात हे बाथरूम मुळात नव्हतंच. आजीला अंगणाकडे जाणं झेपेना, तेव्हा बाबांनी मधल्या खोलीचा कोपरा अडवून ते काढलं. पाच बाय सात, उंची नऊ फूट आणि बाहेरची भिंत एकही नाही. दारावर झरोका होता, तोही पुढे कपाटाच्या मागे गेला. पावसाळ्यात छताला काळी बुरशी, आज टांगलेला टॉवेल परवापर्यंत ओला. दर दिवाळीला रंग मारायचा, दर आषाढात पोपडे.

साधा एक्झॉस्ट बसवायला बाहेरची भिंत लागते. आमची सगळ्यात जवळची म्हणजे मागची, आणि मध्ये अकरा फुटांचा पॅसेज. पण त्या पॅसेजवर माळा आहे. बाथरूममधून माळ्यावर पाइप काढायचा, मागच्या भिंतीतून बाहेर न्यायचा आणि पंखा पाइपच्या मध्ये बसवायचा. त्याला इनलाइन फॅन म्हणतात. घरघर माळ्यावर राहते, बाथरूममध्ये दिसते फक्त जाळी.

इतवारीतल्या दुकानदारानं आधी सहा इंचीच पुढे केला. "मोठा घेऊन टाका ना भाऊ, टेन्शनच नाही." मी हिशोब करून गेलो होतो. पाच गुणिले सात गुणिले नऊ, ३१५ घनफूट. तासाला दहा वेळा हवा बदलायची म्हटलं तर मिनिटाला साधारण ५२ घनफूट, म्हणजे तासाला ९० घनमीटरच्या आसपास. चार इंची पंख्याच्या डब्यावर १८० लिहिलं होतं. तो आकडा पाइप न लावता मोजलेला असतो. पाइपची लांबी, बाहेरची झडप आणि प्रत्येक कोपरा त्यातून आपापला वाटा कापतो. काटकोनी एल्बो तर फारच खातो. म्हणून दुप्पट ठीक, सहा इंची उगाच. मी चार इंचीच घेतला, पंधरा मिनिटांच्या टायमरवाला.

भोकं दोन पाडायची होती. आतली भिंत साडेचार इंची, ती तासाभरात झाली. बाहेरच्या नऊ इंचीसाठी कोअर कटिंगवाला पोरगा आला. छताच्या अगदी लगत मी पेन्सिलनं गोल करून ठेवला होता. त्यानं प्लास्टर जरा खरवडलं, खालून काँक्रीट निघालं. बीम! माझ्या पेन्सिलीच्या भरवशावर राहिला असता तर सळई कापली गेली असती. वीट लागेपर्यंत फूटभर खाली आलो. मग मशीन भिंतीला टेकवली, बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, वरून पाण्याची धार, आणि खाली लाल चिखलाचे ओघळ. दहा मिनिटांनी बिटातून विटेचा आख्खा दंडगोल सरकून आला, कडेला प्लास्टर, मध्ये सिमेंटच्या सांध्याची करडी रेघ. आईनं तो तुळशीजवळ ठेवलाय. कशाला, ते मी विचारलेलं नाही.

वायरिंगवरून इलेक्ट्रिशियनशी वाजलं. टायमरच्या पंख्याला दोन फेज लागतात: एक कायम चालू, दुसरी दिव्याच्या बटणामागून येणारी. दिवा बंद केला की दुसरी जाते, पहिलीवर पंखा पंधरा मिनिटं चालून थांबतो. तो म्हणाला, "काहून एवढी तार ओढून राहिले? बल्बच्या पॉइंटवरून घेऊन टाकतो ना." तसं केलं तर दिव्याबरोबर पंखाही बंद, मग टायमरचे पैसे कशाला दिले? वाफ तर माणूस बाहेर आल्यावरही आत असतेच. शेवटी बोर्डापासून पट्टीतून वेगळी तार आली. माळ्याजवळ एक स्वतंत्र स्विचही लावून घेतला, पंखा साफ करताना कोणी खालून दिवा लावला तरी चालू होऊ नये म्हणून. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. त्याचं टेस्टचं बटण मी त्या दिवशी, खरं सांगतो, पहिल्यांदा दाबलं.

पाइपमध्ये मात्र मी फसलो. अॅल्युमिनियमचा लवचिक पाइप ओढला की लांबतो, कुठूनही वळतो, म्हणून तोच टाकला. आजीची पेटी, फराळाचे डबे, जुना कूलरचा टब यांच्यावरून तो मजेत लोळत गेला. ऑक्टोबरात झकास चालला. डिसेंबरात पारा दहा-बारावर आला, सकाळी कढत पाण्याच्या आंघोळी सुरू झाल्या आणि माळ्यावरून आवाज येऊ लागला, हुक्का ओढल्यासारखा. गरम वाफ थंड पाइपाला लागून पाणी होत होती आणि ते पेटी आणि डब्यांच्या मधल्या झोळीत साठत होतं. एक दिवस पॅसेजमध्ये तपकिरी थेंब पडला, नेमका बायकोच्या इस्त्रीच्या कपड्यांवर.

मग ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणला, बाथरूमकडून बाहेरच्या भिंतीकडे तीन इंच उतार देऊन क्लॅम्पवर बसवला. बीममुळे भोक खाली आलं होतं, त्याचाच आता फायदा झाला. साठेल ते पाणी बाहेर जातं. पण चार इंची म्हणून मिळणारा हा पाइप काही पंख्याच्या तोंडावर बसत नाही. ते असतं जेमतेम ९८. मग जुन्या लवचिक पाइपचे वीतभर तुकडे दोन्ही बाजूंना क्लिपनं आवळले, वरून फॉइल टेप. त्यानं पंख्याची थरथरही पीव्हीसीत जात नाही. पंख्याखाली स्कूटरच्या ट्यूबचे तुकडे घातले. बाहेर पट्ट्यांची झडप लावली, पंखा बंद असला की आपोआप मिटणारी. मागे पारव्यांसाठी जाळी, पण मोठ्या भोकांची. डासांची बारीक जाळी टॉवेलच्या लोकरीनं महिन्यात बुजते.

एवढं करूनही आरसा काही निवळेना. उदबत्ती घेऊन आत गेलो. दार लावलं की धूर जाळीपाशी घुटमळायचा, दार बोटभर उघडलं की सरळ आत ओढला जायचा. पंखा हवा काढणार कुठून, आत यायला वाटच नव्हती! दार ग्रॅनाइटच्या पट्टीवर घट्ट बसत होतं. सुताराला बोलावून खालून एक सेंटिमीटर तासायला सांगितलं. अडीच फुटी दाराखालची तेवढी फट आणि ९८ मिलिमीटरचं गोल तोंड, दोन्हींचं क्षेत्रफळ जवळपास सारखं, साडेसात हजार चौरस मिलिमीटर. सुतार म्हणाला, "लोकं फट बुजवाले बोलावते, तुम्ही पाडाले." आता आंघोळ करून पाच मिनिटांत आरसा कोरडा.

हे पाहून आमच्या साडूंनी लगेच पंख्याची चौकशी केली. त्यांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, आतच. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आधी गीझर बाहेर काढा. बंद खोलीत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग, आणि वर खेचणारा पंखा लावला तर गीझरचा धूर बाहेर जायच्या ऐवजी खोलीत उलटा उतरू शकतो. ते जरा खट्टू झाले. गीझर अजून आतच आहे, मी दर रविवारी फोनवर विचारतो.

आता मे चालू आहे, पारा पंचेचाळीसवर. हॉलच्या खिडकीत कूलर दिवसभर गरजतो. परवा दुपारी आई म्हणाली, "मागे कोणीतरी टकटक करून राहिलं, पाहा बरं." मागे जाऊन पाहिलं तर कोणी नव्हतं. पंखाही बंद होता. कूलरनं घरात कोंबलेली हवा दाराखालच्या फटीतून बाथरूममध्ये, तिथून पाइपमध्ये शिरत होती आणि बाहेरच्या झडपेच्या पट्ट्या एकेक करून उचलत होती. खाली हात धरला तर झुळूक गार लागली, वाळ्याच्या वासाची.