ॲमस्टरडॅममध्ये चार रात्री: जिना, कर आणि शेवटची मेट्रो

मार्च उजाडला की इकडे राहणाऱ्या मराठी घरांत पुण्या-मुंबईहून स्क्रीनशॉट यायला लागतात. ट्युलिप बघायला यायचंय, तीन हॉटेलं काढून ठेवलीत, कुठलं घेऊ? तिन्हींना तीन-चार तारे, तिन्हींना दहापैकी आठच्या वर गुण, तिन्हींचा भाव रात्रीला दीडशे युरोंच्या आसपास. पण स्क्रीनशॉटमध्ये जे दिसतं, त्यावरून या शहरातलं हॉटेल ठरवता येत नाही. भावात कोणता कर धरलाय, खोलीपर्यंत लिफ्ट जाते का आणि रात्री अकरानंतर परत कसं यायचं, हे त्या फोटोत कुठेच नसतं, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

आधी पैशांचं बघू. १ जानेवारी २०२६ पासून नेदरलँड्समध्ये हॉटेलच्या खोलीवरचा व्हॅट ९ टक्क्यांवरून २१ टक्के झाला. त्याशिवाय ॲमस्टरडॅम महापालिकेचा पर्यटक कर आहे. तो २०२४ पासून १२.५ टक्के आहे आणि व्हॅट वगळून जे खोलीभाडं उरतं त्यावर लागतो. बुकिंगची साइट भारतातून उघडली तर बऱ्याचदा दोन्ही कर वगळलेला भाव मोठ्या अक्षरात असतो आणि खाली बारीक अक्षरात ‘अधिक कर व शुल्क’. तीच साइट युरोपातून उघडली तर व्हॅट धरलेला असतो. पर्यटक कर कधी धरलेला, कधी नाही. त्यामुळे नाशिकचा भाचा आणि इथली मावशी एकाच खोलीबद्दल बोलत असतात आणि दोघांचे आकडे काही केल्या जुळत नाहीत.

यावर सोपा हिशेब आहे. दोन्ही कर वगळलेला भाव १.३३५ ने गुणायचा, फक्त व्हॅट धरलेला असेल तर १.१०३ ने. म्हणजे एका साइटवर १२० युरोंना दिसणारी ‘स्वस्त’ खोली आणि दुसऱ्या साइटवर १४५ ला दिसणारी ‘महाग’ खोली, दोन्ही शेवटी १६० लाच पडतात. पर्यटक कर पुष्कळदा हॉटेलात पोहोचल्यावर काउंटरवर घेतात. चार रात्रींचे साठ-पासष्ट युरो तेव्हा अचानक समोर येतात आणि हॉटेलवाला लुबाडतोय असं वाटतं. तसं नसतं, तो पैसा महापालिकेचा. भाव उतरायची वाट बघण्यातही फार अर्थ नाही. एखादं जुनं हॉटेल बंद झालं तरच नवं बांधायचं, तेही खाटांची संख्या न वाढवता, असा नियम शहराने २०२४ मध्ये केला आहे.

आता मुख्य प्रश्न, राहायचं कुठे. पोस्टकार्डावर दिसणारं ॲमस्टरडॅम म्हणजे सतराव्या शतकातला कालव्यांचा पट्टा. युनेस्कोने २०१० मध्ये त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. इथली मध्यम भावाची हॉटेलं म्हणजे बहुतेकदा दोन-तीन जुनी घरं आतून जोडून केलेली. घरं अरुंद, म्हणून जिनेही अरुंद आणि विलक्षण उभे. पायरीवर पाऊल पूर्ण बसत नाही, उतरताना आडवं ठेवावं लागतं. मधे थांबायला जागा नसते. वरून कोणी उतरत असेल तर खालच्याने खालीच उभं राहायचं. तेवीस किलोची बॅग एका हातात आणि दुसरा हात कठड्याला, असे तीन मजले चढायचे म्हणजे माळ्यावरच्या शिडीवरून धान्याचं पोतं चढवण्यातला प्रकार. घराच्या माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा दिसतो ना, तो यासाठीच. इकडचे लोक सोफा-कपाट आजही खिडकीतूनच वर घेतात. पाहुण्यांच्या बॅगेला मात्र ती सोय नाही.

साइटवर ‘लिफ्ट आहे’ असं लिहिलेलं असलं तरी लगेच निश्चिंत होऊ नका. लिफ्ट पुष्कळदा एकाच घराला असते आणि तुमची खोली शेजारच्या घरात. किंवा रस्त्यावरून सहा-सात पायऱ्या चढल्यावर लिफ्ट सुरू होते. म्हणून ईमेलवर नेमका प्रश्न विचारायचा: रस्त्याच्या पातळीपासून माझ्या खोलीच्या मजल्यापर्यंत लिफ्ट येते का? उत्तर गोलमोल आलं तर नाही असं समजायचं. ‘सूटेरेन’ असा शब्द दिसला तर खोली अर्धी जमिनीखाली आहे; खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात. एसी पुष्कळ ठिकाणी नसतो, आणि जुलैत खिडकी उघडी ठेवली की कालव्यावरचे डास आत. लाइडसेप्लाइन, रेम्ब्रांट्प्लाइन आणि स्टेशनसमोरचा डामराक हे भाग पहाटेपर्यंत जागे असतात. योर्डानमधल्या किंवा कालव्यांच्या पट्ट्याच्या पश्चिम बाजूच्या गल्ल्या त्या मानाने शांत. दोघंच असाल, गुडघे धड असतील आणि केबिन बॅगेत भागत असेल, तर हा त्रास जरूर घ्यावा. सकाळी सातला पूल मोकळे असताना कालव्याकाठी चालायला मिळतं, ते बाहेर राहून मिळत नाही. आई-बाबा बरोबर असतील तर मात्र या भागाचा विचार सोडलेला बरा.

दुसरा पर्याय म्हणजे स्टेशनांजवळची साखळी हॉटेलं: स्लोटरडाइक, झाउड, राय, आम्स्टेल. तारे सोयी मोजून मिळतात, ऐसपैस खोलीबद्दल नाही. पण या हॉटेलांत लिफ्ट, एसी आणि स्वच्छता यांची खात्री असते, आणि एकच खोली शंभर वेळा बांधलेली असल्यामुळे काय मिळणार ते आधीच कळतं. तरी त्यांच्यातही फरक आहेत. सिटिझनएमची खोली जेमतेम चौदा चौरस मीटरची, पलंग भिंतीपासून भिंतीपर्यंत, त्यामुळे खिडकीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं. शॉवर खोलीतच काचेच्या डब्यात. नवविवाहितांना गंमत, मोठा मुलगा आणि आईला अवघड. हॉलिडे इन एक्स्प्रेसमध्ये सहसा नाश्ता भाड्यातच असतो. माइनिंगरमध्ये चार किंवा जास्त खाटांच्या स्वतंत्र खोल्या मिळतात, बाथरूमसकट. कुटुंबाला हिशेबात बसणारी ही दुर्मीळ गोष्ट.

नाश्त्याला हलक्यात घेऊ नका. कालव्याकाठची खोली सगळे कर धरून रात्रीला १८७ युरो आणि स्लोटरडाइकची १६५, म्हणजे चार रात्रींत फरक ८८ युरोंचा. स्लोटरडाइकहून रोज ट्राम-मेट्रोचा पास घेतला तर माणशी दिवसाला दहाएक युरो, दोघांचे चार दिवसांचे ऐंशी. बाहेर राहून वाचवलेले पैसे प्रवासात गेले. पण नाश्ता भाड्यात असेल आणि आतल्या हॉटेलात तो माणशी वीस युरोंना वेगळा असेल, तर पारडं पुन्हा फिरतं. अर्थात हॉटेलचा नाश्ता न घेता आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, दही आणि फळं आणली तर दोघांचं दहा युरोंत भागतं. नळाचं पाणी खुशाल प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

स्टेशनांपैकी कुठलं? स्लोटरडाइक सगळ्यात स्वस्त. सेंट्रालला, म्हणजे शहराच्या मुख्य स्टेशनला, ट्रेनने सहा मिनिटं, विमानतळावरून ट्रेनने थेट. पण तो ऑफिसांचा भाग, संध्याकाळी सहानंतर सामसूम. शिवाय जीव्हीबीचा, म्हणजे ट्राम-बस-मेट्रोचा पास ट्रेनमध्ये चालत नाही. तो दाखवून सेंट्रालला जाणारी ट्रेन पकडली तर दंड होतो. झाउडहून ५२ नंबरची मेट्रो दर काही मिनिटांनी सुटते आणि दहा मिनिटांत सेंट्रालला आणते. वाटेत डे पाइप, जिथे आल्बर्ट काउपचा बाजार भरतो. आमचं मत विचाराल तर आम्स्टेल किंवा झाउड. आम्स्टेलला तीन मेट्रो लागतात आणि आजूबाजूला माणसं राहतात, त्यामुळे रात्री रस्ता जिवंत असतो. मेट्रो रात्री साडेबाराच्या सुमारास बंद होते. त्यानंतर रात्रीच्या बसेस असतात, पण पत्नी-मुलांना घेऊन थंडीत त्यांची वाट बघण्यात मजा नाही.

तिसरा, लोकांच्या लक्षात न येणारा पर्याय म्हणजे आय या पाण्यापलीकडचा नोर्ड. सेंट्रालच्या मागून बाउक्सलोटरवेखला जाणारी फेरी फुकट आणि चोवीस तास चालू असते. चार-पाच मिनिटांत पलीकडे. भाव थोडे उतरतात, गर्दी एकदम ओसरते. नोर्डमधल्याच एनडीएसएम धक्क्याची फेरी लांबची, पंधराएक मिनिटांची. फेब्रुवारीत त्या पाण्यावरचा वारा कानाचे लचके तोडतो, हे मात्र लक्षात ठेवा.

शहराबाहेर राहायचं तर हार्लेम. सेंट्रालहून ट्रेनने पंधरा-वीस मिनिटं, स्वतःचं सुंदर जुनं गाव, आणि ॲमस्टरडॅमचा तो १२.५ टक्के करही नाही. फक्त ट्युलिपसाठीच येत असाल तर हार्लेम किंवा लायडनच बरं, कारण कोकेनहोफ, ती ट्युलिपची प्रसिद्ध बाग, ॲमस्टरडॅममध्ये नाही, लिसमध्ये आहे. बाग मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतच उघडी असते. याउलट नावात ‘ॲमस्टरडॅम एअरपोर्ट’ असलेली बरीच हॉटेलं प्रत्यक्षात होफडोर्प किंवा बाडहूव्हेडोर्पला असतात: आधी शटल, मग ट्रेन, मग ट्राम. एका रात्रीच्या थांब्यासाठी ठीक, फिरायला नाही.

कुटुंब घेऊन येणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण खाटेची. आपल्याकडे ‘एक जादा गादी टाका’ म्हटलं की काम होतं. इथे खोलीत किती माणसं झोपू शकतात हे ठरलेलं असतं, आणि बुकिंग करताना मूल ‘विसरलं’ तर काउंटरवर दुसरी खोली घ्यावी लागू शकते, त्या दिवशीच्या भावाने. डबल बेड म्हणजेही बहुधा दोन सिंगल खाटा जोडलेल्या आणि पांघरुणं दोन वेगळी. घर भाड्याने घेऊ म्हणाल तर अख्खं घर पर्यटकांना देण्यावर वर्षाला मोजक्याच रात्रींची मर्यादा आहे आणि एका वेळी चारच माणसं. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर पुढे जाऊच नका.

तारखा निवडताना २७ एप्रिल टाळा. राजाचा वाढदिवस, अख्खं शहर नारिंगी, खोल्या दुप्पट भावाच्या. सप्टेंबरमध्ये राय केंद्रात प्रसारण क्षेत्राचं मोठं प्रदर्शन असतं, तेव्हा झाउडच्या बाजूला खोल्या महागतात. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात स्वस्त. ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल तर त्याची तिकिटं दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची सुटतात आणि भराभर संपतात. म्हणून तोवर रद्द करता येणारीच खोली घ्या.

व्हिसासाठीही तेच. शेंगेनच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. त्यावर बरोबरच्या सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे घालून घ्या, नुसतं ‘दोन प्रौढ’ नको. फुकट रद्द करायची मुदत डच वेळेनुसार असते: भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे. व्हिसा आल्यावर हॉटेल बदललं तर नव्या बुकिंगची प्रत जवळ ठेवा.

पैसे क्रेडिट कार्डाने द्या. पुष्कळ हॉटेलं येताच अनामत रक्कम अडकवतात. फॉरेक्स कार्डावर ती अडकली की तुमच्याच प्रवासाचे पैसे आठवडाभर गोठतात. मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरो. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आणि ‘टॅप करून पैसे’ दोन्ही सुरू करून निघा, कारण ट्राम-मेट्रोतही तेच कार्ड चढताना आणि उतरताना टेकवायचं असतं. माणशी वेगळं कार्ड.

उरलं बारीकसारीक. दोन पिनांचा भारतीय चार्जर चालतो, तीन पिनांचा नाही. किटली प्रत्येक खोलीत नसते. संडासात जेट नसतो, बेसिनही पुष्कळदा दाराबाहेर. प्लॅस्टिकचा एक मग बॅगेत टाकाच. विमान सकाळी उतरतं आणि खोली दुपारी तीनला मिळते. बॅगा हॉटेलात ठेवून घेतात, पण आंघोळ आणि कपडे बदलणं स्किपोल विमानतळावरच उरकलेलं बरं.