भीतीचे पान संपादताना

विकिपीडियावर किल्ल्याचे पान लिहिणे त्या मानाने सोपे. किल्ला जागचा हलत नाही, त्याची उंची कुणीतरी मोजून ठेवलेली असते, आणि न पाहिलेल्या किल्ल्याबद्दल माणसे सहसा छातीठोकपणे बोलत नाहीत. भावनेच्या पानावर मात्र येणारा प्रत्येक जण जन्मजात जाणकार. 'भीती' हे पान उघडणाऱ्याकडे अनुभवाचा साठा असतो, आणि ज्ञानकोशाला नेमका तोच चालत नाही.

शीर्षकाचे काम लवकर उरकते. पान 'भीती' नावाने ठेवायचे. ऱ्हस्व वेलांटी देऊन 'भिती' शोधणारे पुष्कळ असतात, म्हणून त्या नावाच्या पानावर #पुनर्निर्देशन [[भीती]] एवढी, वाचकाला मूळ पानावर नेणारी, एकच ओळ टाकायची. 'भय' असे वेगळे पान आधीच कुणी सुरू केले असेल, तर दोन्हींतला मजकूर एकत्र करून एकच पान राखायचे. इतर भाषांतल्या पानांचे दुवे हल्ली विकिडेटा या सामायिक माहितीसाठ्यावरून येतात, ते हाताने लिहीत बसू नये.

खरी झटापट पहिल्या वाक्याशी. नवा संपादक हमखास लिहितो, 'भीती ही मानवी मनाची अत्यंत महत्त्वाची भावना आहे.' यातला 'अत्यंत' काढा, 'महत्त्वाची' काढा, मग 'मानवी' काढा, कारण मांजर पाहून थिजणाऱ्या उंदराला वगळण्याचे कारण नाही. उरते काय? 'भीती ही भावना आहे.' म्हणजे काहीच नाही. त्यापेक्षा धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, असे काही जुळवून पाहावे: '''भीती''' म्हणजे समोर आलेल्या, किंवा आल्यासारख्या वाटणाऱ्या, धोक्याला प्राण्याने दिलेला भावनिक प्रतिसाद. शीर्षकाचा शब्द दोन्ही बाजूंनी तीन-तीन अवतरणचिन्हे देऊन ठळक करायचा. लगेच दुसऱ्या वाक्यात चिंता वेगळी काढायची: भीती समोरच्या धोक्याची, चिंता पुढे येऊ शकणाऱ्या धोक्याची. हे वाक्य लिहायचे राहिले, की खाली परीक्षेच्या निकालापासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत सगळे जमा होऊ लागते.

मग मेंदू येतो. 'अमिग्डाला हे मेंदूतील भीतीचे केंद्र आहे' हे वाक्य इतक्या ठिकाणी छापले गेले आहे, की त्याला संदर्भ मिळायला मिनिटभरही लागत नाही. तरी ते तसेच ठेवू नये. अमिग्डालावरच्या ज्यांच्या संशोधनामुळे ही समजूत पसरली, ते जोसेफ लेडू स्वतःच सांगत आले आहेत की हा भाग धोका टिपतो आणि शरीराला कामाला लावतो. 'मला भीती वाटते' ही जाणीव निराळी गोष्ट. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तीन स्त्रियांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तर तिघीही घाबरून गेल्या. म्हणून 'केंद्र' खोडून 'धोका ओळखण्यात सहभाग' लिहावे. वाक्य मिळमिळीत होते. होऊ द्यावे. मात्र अशा एकट्या प्रयोगावर सगळा परिच्छेद उभा करू नये. अनेक संशोधनांचा आढावा घेणारे पुस्तक किंवा लेख आधाराला घ्यावा.

मराठी संपादकाचा सगळ्यांत मोठा मोह यानंतरचा. मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांच्या सहा मूलभूत भावनांत भीती आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या आठ स्थायीभावांतही, म्हणजे रसांच्या मुळाशी असलेल्या भावांतही, 'भय' आहे. दोन्ही विधानांना भक्कम संदर्भ. मग बोटे आपोआप टंकू लागतात, 'म्हणजेच आधुनिक मानसशास्त्राने जे आज सांगितले ते भरतमुनींनी...' इथे थांबावे. दोन खऱ्या विधानांच्या बेरजेतून आपण काढलेला तिसरा निष्कर्ष विकिपीडियाच्या हिशेबी मूळ संशोधन ठरतो आणि उडवला जातो. तुलना कुणा अभ्यासकाने छापील स्वरूपात केली असेल तर त्याच्या नावाने द्यावी. नाहीतर भयानक रसाचा स्वतंत्र विभाग करावा. तसेही रस प्रेक्षकाने चाखायचा असतो, आणि जिवाच्या भीतीने पळणारा काही चाखत नसतो.

चित्राची गंमत वेगळीच. घाबरलेल्या ओळखीच्या माणसाचे छायाचित्र टाकू नये, हे सांगायला नको. मुक्त वापरासाठी हमखास मिळतात ती ड्यूशेन या फ्रेंच वैद्याच्या १८६२च्या ग्रंथातली जुनी छायाचित्रे. डोळे विस्फारलेला, तोंड वासलेला म्हातारा. भीतीचा नमुना म्हणून झकास. पण तो घाबरलेला नाही. त्याच्या चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा प्रवाह देऊन ते भाव आणलेले आहेत, आणि त्याच्या चेहऱ्याची संवेदनाही जवळपास गेलेली होती. चित्र वापरावे, फक्त चित्राखालच्या ओळीत हे सांगावे.

इंग्रजी पानाचा अनुवाद केला असेल तर बदलाच्या सारांशात मूळ पानाचा दुवा द्यावा. परवान्याची ती अट आहे. मराठी विश्वकोशाचा आधार घेता येतो, उतारा उचलता येत नाही. जतन करण्यापूर्वी झलक पाहावी, कारण संदर्भ बंद करणारी खूण द्यायची राहिली, की पुढच्या संदर्भापर्यंतचा मजकूर पानावरून गडप होतो आणि नवा माणूस समजतो, कुणीतरी आपले लिखाण पुसले.

फोबियांची यादी मात्र येणारच. ग्रीक प्रत्यय लावून नावे कितीही पाडता येतात, त्यांतली बरीच कुणीतरी गंमत म्हणून पाडलेली असतात. वैद्यकीय संदर्भ नसलेले नाव काढून टाकावे. पाल पाहून किंचाळणे म्हणजे फोबिया नव्हे. निदानासाठी ही भीती साधारण ६ महिने किंवा जास्त टिकलेली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणणारी असावी लागते. पालप्रेमी संपादकाने यादी पुन्हा टाकलीच, तर एकमेकांचे बदल उलटवत न बसता चर्चा पानावर जावे, मुद्दा लिहावा, चार ~ देऊन सही करावी आणि पान निरीक्षणसूचीत, म्हणजे लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत, ठेवावे. बहुधा तो परत येतो, या वेळी झुरळ घेऊन.