तुम्ही विचारलंत म्हणून: शिडाच्या नौकेसाठी कुठला किनारा?

"समुद्राकाठी कायमचं राहायला जायचं ठरवलंय, शिडाच्या नौकेसाठीच. कुठला किनारा चांगला?" हा प्रश्न मला वर्षातून आठ-दहा वेळा तरी येतो. विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा एखादं नाव आधीच पक्कं झालेलं असतं, आणि तिथे वारा भरपूर असतो एवढं त्यांनी ऐकलेलं असतं. मी त्यांना उलट एकच विचारते: तिथून बाहेर पडलात की परत कसे येणार?

हे विचारायला मी शिकले ते एका चुकीतून. आम्ही दोघं पहिल्यांदा घर हलवलं तेव्हा वाऱ्यासाठी नावाजलेला किनारा निवडला होता. वारा खरोखरच होता. लांबच लांब सरळ वाळूचा किनारा, समोर उघडा महासागर आणि एकच बंदर, तेही नदीच्या मुखाच्या आत. पुढचा आडोसा ४० सागरी मैलांवर. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर; ताशी पाच मैलांनी, म्हणजे पाच नॉटनी चालणाऱ्या नौकेला तिथवर पोचायला आठ तास, तेही वारा अनुकूल असेल तर. नकाशावर मला हे दिसत होतं. त्याचा अर्थ कळत नव्हता.

एका सकाळी नऊच्या भरतीवर बाहेर पडलो. अठरा नॉटचा वारा, लख्ख ऊन, दोन्ही शिडं भरलेली. त्या वर्षातली ती सगळ्यात सुंदर सकाळ होती. दोनच्या सुमारास परत आलो तर नदीच्या मुखाशी पांढरी भिंत उभी. कुठल्यातरी दूरच्या वादळाने उठवलेल्या लांब लाटा तोवर आमच्या किनाऱ्याला पोचल्या होत्या, ओहोटीचं पाणी नदीतून जोराने बाहेर येत होतं, आणि मुखाशी साचलेल्या वाळूच्या उंचवट्यावर दोघांची गाठ पडत होती. तिथे लाट फुटते म्हणजे नुसता फेस होत नाही. पूर्ण लाट उभी राहून कोसळते. पाच तास आम्ही बाहेर येरझाऱ्या घालत राहिलो. भरती चढली, उंचवट्यावर पुरेसं पाणी आलं, तेव्हा सात वाजता जीव मुठीत धरून आत शिरलो. घर तीन किलोमीटरवर होतं आणि दिवसभर डोळ्यांना दिसत होतं.

त्यानंतर बाहेर पडण्याआधी मन मागे-पुढे व्हायला लागलं. वर्षअखेरीस रोजनिशी चाळली तर शीड उघडलेले दिवस भरले ३१. आता राहतो तिथे वाऱ्याचं कौतुक कोणी करत नाही, पण गेल्या वर्षी ९४ दिवस आम्ही पाण्यावर होतो. म्हणून माझं उत्तर ठरून गेलं आहे: तुम्हाला विनातक्रार परत घेणारा किनारा निवडा. बाकी सगळे हिशेब त्याच्या पोटात येतात.

वाऱ्याचाही हिशेब त्यातच. 'सरासरी वारा १० नॉट' या आकड्यावर विसंबू नका. पाच दिवस शून्य आणि पाच दिवस वीस, याचीही सरासरी दहाच येते, आणि त्या दहा दिवसांत मनासारखा एकही मिळत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो, म्हणून दहा आणि वीस यांत फरक नुसता दहाचा राहत नाही. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापनातला तिसरा-चौथा क्रम, म्हणजे साधारण ७ ते १६ नॉट, हा बहुतेक घरगुती नौकांचा सुखाचा पट्टा. तुम्ही ज्या भागाचा विचार करताय तिथे महिन्यामागे किती दिवस वारा या पट्ट्यात असतो आणि कुठल्या दिशेने येतो, ते महिनावार काढा. वर्षाचा एकच आकडा फसवतो.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वाऱ्याचं वेळापत्रक. थंड समुद्र आणि त्याच्यामागे तापणारी जमीन अशी जोडी जिथे आहे, तिथे खारा वारा जवळजवळ घड्याळ लावून येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारी नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला लोक 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात, कारण तो तापलेल्या शहराला उतारा देतो. १९८७ साली अमेरिकाज कप या शिडाच्या नौकांच्या स्पर्धेच्या शर्यती तिथे झाल्या, तेव्हा हा वारा जगभर ठाऊक झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात तर भूगोलाने बोगदाच बांधून दिला आहे: आतली सेंट्रल व्हॅली उन्हाळ्यात भाजून निघते, तिथली हवा वर चढते, आणि तिची जागा भरायला समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत घुसते. दुपारी वीस-पंचवीस नॉट ही तिथली उन्हाळ्यातली रोजची गोष्ट. पण पाणी अंगाला झोंबेल इतकं थंड आणि धुकं नेमाने येणारं. उत्साही तरुण जोडप्याला मी ते सुचवेन, लहान मुलांना पहिल्यांदा शीड दाखवायला निघालेल्यांना सुचवणार नाही.

उलट टोकाचे वारेही आहेत, आणि तेही नावाजलेले. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून वाहणारा मेल्तेमी एकदा सुरू झाला की कित्येक दिवस थांबत नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून उतरणारा मिस्ट्राल निरभ्र आकाशातून येतो. ढग बघून अंदाज बांधायची सवय असलेल्याला तो हमखास गाठतो. सुट्टीत असे वारे अनुभवावेत. कायम त्यांच्या तोंडावर राहायचं असेल तर जवळपास बेटांचा आडोसा किती आहे, हे आधी मोजावं.

आडोशाबद्दल मी जरा जास्तच बोलते, पण तो विषयच तेवढा मोठा आहे. शिडावर मनापासून प्रेम करणारे लोक पिढ्यानपिढ्या कुठे गोळा झाले ते बघा. इंग्लंडचा दक्षिण किनारा आणि वाइट बेट यांच्यामधली सोलेंट नावाची पाण्याची पट्टी, जिथे काउस या गावच्या शर्यती १८२६ पासून चालत आल्या आहेत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडसमोरचं बेटांनी भरलेलं हाउराकी आखात. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताचा फाटलेल्या कापडासारखा दातेरी किनारा. अमेरिकेच्या पूर्वेकडचा चेसापीक उपसागर, सुमारे ३२० किलोमीटर लांब आणि फाट्यांनी भरलेला. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. वारा कुठूनही आला तरी त्याच्या पाठीमागे लपायला काहीतरी असतं, आणि लाटेला वाढायला लांब पल्ला मिळत नाही. वारा मिळतो, महासागराची उसळी मिळत नाही. सरळ किनाऱ्यावर मात्र वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहत असला की तो तुम्हाला सतत किनाऱ्यावर ढकलत असतो. जुने खलाशी खोल समुद्राला भ्यायचे नाहीत तेवढे अशा किनाऱ्याला भ्यायचे.

अर्थात बंदिस्त पाण्याचे स्वतःचे स्वभाव असतात. चेसापीकची सरासरी खोली साडेसहा मीटरच्या आसपास आहे. उथळ पाण्यात लाट लांब होत नाही, आखूड आणि उभी होते, आणि नौका दर दोन सेकंदांनी आदळत राहते. उन्हाळ्यात तिथे वारा पडतो आणि संध्याकाळी गडगडाटी वादळं उठतात. वसंत आणि शरद हे तिथले खरे मोसम. शिवाय दोन मीटर खोल कीलची, म्हणजे तळाखाली पाण्यात उतरणाऱ्या जड पात्याची, नौका घेऊन अशा ठिकाणी गेलात तर अर्ध्या फाट्यांच्या तोंडावरूनच माघारी फिरावं लागेल. नौका आधी घेऊन मग किनारा शोधणाऱ्यांना मी म्हणूनच थांबवते. आधी पाणी ठरू द्या, मग कीलची खोली ठरवा. मधे पूल असतील तर डोलकाठीची उंचीसुद्धा.

आता भरती-ओहोटी. घर घेताना हिच्याकडे कोणी बघत नाही, आणि नंतर सगळं आयुष्य तिच्यावरच बेतावं लागतं. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोज ती पन्नासएक मिनिटं पुढे सरकते. तुमच्या धक्क्याजवळ ओहोटीला चिखल उघडा पडत असेल तर या आठवड्यात संध्याकाळी सहाला मिळणारं पाणी पुढच्या आठवड्यात त्या वेळी मिळणार नाही. नोकरी करणाऱ्याला याचा अर्थ असा की हाताशी असलेल्या संध्याकाळींपैकी जवळपास निम्म्या जातात.

पाणी किती चढतं-उतरतं हे जागोजागी इतकं वेगळं असतं की अंदाज बांधूच नये. भूमध्य आणि बाल्टिक समुद्रांत बहुतेक ठिकाणी भरती नावापुरतीच. ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर सँ-मालोला उधाणाच्या दिवशी पाणी बारा मीटरहून जास्त चढतं, आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागराच्या टोकाला सोळा मीटरपर्यंत. एवढं पाणी सहा तासांत आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं, त्यातलं निम्मं मधल्या दोन तासांत. म्हणजे प्रवाह किती असेल बघा. ब्रिटनीतल्याच मॉर्बियाँच्या आखाताच्या चिंचोळ्या तोंडाशी तो आठ-नऊ नॉटपर्यंत जातो. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांब असलेली नौका शिडावर पावणेसात नॉटच्या पुढे सहसा जात नाही, तेव्हा अशा प्रवाहाविरुद्ध तुम्ही शिडं फुगवून मागे जाता. आणि वारा एकीकडून, प्रवाह दुसरीकडून असं झालं की तासाभरापूर्वीचं शांत पाणी खड्ड्याखड्ड्यांचं होतं.

तरीही मी भरतीच्या किनाऱ्याला नाही म्हणणार नाही. मला स्वतःला तो आवडतो. प्रवाह ओळखता आला की तो तुम्हाला फुकट घेऊन जातो. वारा पडलेल्या दिवशीही दोन नॉटचा प्रवाह सहा तासांत बारा मैल देतो. ही विद्या शिकायला वर्षं लागतात आणि शिकताना कंटाळा येत नाही. फक्त घर घेताना बंदराचं तोंड कुठल्याही वेळी उघडं आहे ना, हे पाहून घ्या. आत उथळ असेल तर दोन कीलची नौका घेता येते, ती ओहोटीला चिखलावर सरळ उभी राहते. तोंडच बंद होत असेल तर त्यावर इलाज नाही.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात फार उशिरा येते. जायला जागा हवी. तीच खाडी, तोच बोया (नौका बांधायचा तरंगता पिंप), परत; दुसऱ्या वर्षी वारा कितीही चांगला असला तरी पाय उचलत नाही. नकाशावर तुमच्या संभाव्य धक्क्याभोवती २० सागरी मैलांचं वर्तुळ काढा आणि त्यात नांगर टाकून रात्र काढता येईल अशा जागा मोजा. वीसच मैल का? कारण शिडाची नौका वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. साधारण ४५ अंशांत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं, म्हणून वीस मैलांचे अठ्ठावीस होतात आणि पाच नॉटने जवळजवळ सहा तास लागतात. शनिवारी जाऊन रविवारी येण्याची हीच मर्यादा. जागा मोजताना नेहमीचा वारा कुठल्या दिशेचा तेही बघा. वारा तोंडावर घेत जाता यावं आणि दमल्यावर पाठीवर घेत परतता यावं, असा धक्का मिळाला तर त्याच्यासाठी घर एक खोली लहान घ्यावं.

मोसमाबद्दल थोडक्यात. अटलांटिकची चक्रीवादळं १ जून ते ३० नोव्हेंबर या काळातली मानली जातात, आणि कॅरिबियनमध्ये त्या महिन्यांत नौका धोक्याच्या पट्ट्याबाहेर हलवावी अशी अट कित्येक विम्यांत असते. तेव्हा पॉलिसी आधी वाचा, व्यापारी वाऱ्यांची वर्णनं मग. बाल्टिककाठी हिवाळाभर नौका पाण्याबाहेर असते, पण उन्हाळ्यातले लांबलचक उजेडाचे दिवस आणि भरतीची कटकट नसणं यांनी ते कसं भरून निघतं, ते तिथल्या लोकांना विचारावं. तिथल्याच जर्मनीतल्या कील नावाच्या शहरात १८८२ पासून दर उन्हाळ्यात शर्यतींचा आठवडा भरतो तो काही उगाच नव्हे.

आणि घरापासून नौकेपर्यंतचं अंतर. परत घेणाऱ्या किनाऱ्याखालोखाल माझ्या ९४ दिवसांचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे, वारा त्यानंतर. आमच्या दारातून धक्क्यावर चालत अकरा मिनिटं लागतात. पूर्वी आधी गाडी, मग वल्ह्याची छोटी होडी, मग नौका, असा दीड तास जायचा. दोन तासांच्या वाऱ्यासाठी दीड तास कोण घालवेल? पण घराचा व्यवहार करण्याआधी मरीनात, म्हणजे नौका ठेवायच्या बंदरात, किंवा बोयावर जागा खरोखर मिळतेय याची लेखी खात्री करा. नावाजलेल्या ठिकाणी जागेसाठी वर्षानुवर्षं प्रतीक्षायादी असते. मोठी नौका उचलणारी क्रेन आणि शिडं दुरुस्त करणारा माणूस वाटेच्या अंतरात आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

मागच्या महिन्यात एका जोडप्याने दोन ठिकाणं सांगून यातलं कुठलं, असं विचारलं. मी त्यांना नाव सांगितलं नाही. म्हटलं, ज्या महिन्यात तिथे जावंसं वाटत नाही त्या महिन्यात तीन आठवडे भाड्याने राहा. उधाणाच्या दिवशी ओहोटी पूर्ण लागली की बंदराच्या तोंडाशी जाऊन उभे राहा, आणि समुद्राकडून वारा असताना पुन्हा जा. संध्याकाळी एखादी नौका परतताना दिसली तर पुढे होऊन दोरी धरा. दोरी बांधून झाली की त्यांना वाऱ्याबद्दल काही विचारू नका. एवढंच विचारा, गेल्या महिन्यात किती वेळा बाहेर पडलात?